रिकाम्या पोटी दिसणारी

बायको गेली, त्याला चार महिने झाले असतील. तेव्हा डॉक्टरांनी मामांना सांगितलं की गुडघा बदलायचा असेल तर आधी पंधरा किलो वजन उतरवा.

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि मागच्या भिंतीला लागून गिऱ्हाइकांना बसायला लांब बाक. एकाच जागी तीस वर्षं उभं राहून माणूस लोकांची डोकी भादरत राहिला की सगळी गल्ली त्याला मामा म्हणायला लागते. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा मेहुणा काम करायचा. बायकोचा धाकटा भाऊ. काडीसारखा बारीक, तोंडाने फटकळ. साखरेच्या आजारासाठी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेणारा.

मामांचं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं, आणि ते त्यांनी एकट्याने कमावलेलं नव्हतं. बायकोने तीस वर्षं वाढून वाढून ते चढवलं होतं. तिला माणूस अर्धपोटी उठलेला खपायचा नाही. "दिवसभर उभे असता, पायांना बळ नको का," असं म्हणून ती ताटात आणखी एक घास सारायची. तो घास म्हणजे खरं तर चार घास असायचे. मामा नको म्हणायचे आणि खायचे. हिवाळ्यात तिला ताप आला, छातीत उतरला, आणि नवव्या दिवशी दवाखान्यातून मामा एकटेच घरी आले. त्यानंतर वजन जागच्या जागी होतं आणि ते चढवणारी नव्हती.

डॉक्टरांनी आहाराचं बघणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई तरुण होत्या, पण जिभेला धार होती. मामांना काट्यावर उभं केलं, उंची मोजली, दिवसभरात किती उभे राहता ते विचारलं आणि कागदावर एक आकडा लिहिला. सोळाशे.

"एवढ्या कॅलरी रोज खायच्या," त्या म्हणाल्या.

"एवढ्याच खायच्या," मामांनी दुरुस्ती केली.

"नाही. एवढ्या खायच्याच. ह्याच्या वर जाऊ नका, हे सगळ्यांना समजतं. ह्याच्या खाली जाऊ नका, हे कुणाला समजत नाही. कमी खाल्लंत तर चरबी आधी जाणार नाही, मांस जाईल. मांडीचे स्नायू गेले तर नवा गुडघा उभा कशाच्या जोरावर राहील? तुम्ही घर पाडून नवीन दरवाजा बसवायला निघालात, असं होईल."

मामांनी मान हलवली. बाईंनी एक वही दिली. जे खाल ते लिहा, म्हणाल्या. अंडी दोन तर दोन लिहा, पाव तीन तर तीन. लाज धरू नका.

मामांनी पहिले चार दिवस प्रामाणिकपणे खाल्लं आणि प्रामाणिकपणे लिहिलं. पाचव्या दिवशी सकाळी अंडी उकडायला ठेवली आणि गॅससमोर उभे राहिले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की पाणी किती वेळ उकळू द्यायचं तेच आपल्याला नीट माहीत नाही. चार दिवस अंदाजपंचे चाललं होतं. त्यांनी गॅस बंद केला, अंडी तशीच पाण्यात ठेवली आणि नुसती काळी कॉफी पिऊन दुकानात गेले. दुपारी एक केळं. रात्री दूध. वहीत मात्र लिहिलं, दोन अंडी, तीन पाव, भाजी, भात, मासा. लिहिताना त्यांना बरं वाटलं. असा स्वयंपाक घरात होत होता तेव्हाचे वास वहीतून येत होते.

मग हेच रोजचं झालं. वहीतला माणूस पोटभर जेवायचा आणि मामा उपाशी राहायचे. पहिले काही दिवस पोटात कावळे ओरडले, मग तेही गप्प झाले. हात हलके वाटायला लागले. गिऱ्हाइकं म्हणायची, "मामा, उतरलात की." कुणी पाठ थोपटायचं. चाळिशीतली पोट सुटलेली माणसं विचारायची, काय औषध घेता. मेहुणा तिकडून म्हणायचा, "औषध कसलं, ह्यांच्या हातचं जेवण. एकदा जेवाल तर तुम्हीही उतराल."

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मामा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते. त्यांनी सहज वर आरशात पाहिलं, तर मागच्या बाकावर बायको बसलेली होती.

अंगात राखाडी स्वेटर. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आपला नंबर कधी लागतो ह्याची वाट बघत असल्यासारखी. ती मामांच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

मामांनी वस्तरा उचलून धरला आणि मागे वळून पाहिलं. बाकावर एक पेन्शनर पेपर वाचत होता. बाकी बाक रिकामा. पुन्हा आरशात पाहिलं. पेन्शनर होता आणि त्याच्या शेजारी ती होती. पेन्शनरने पेपरचं पान उलटलं, तेव्हा त्याचं कोपर तिच्या खांद्यातून आरपार गेलं. तिला त्याचं काही नव्हतं.

मामांना भीती वाटली नाही असं नाही. पण हात थांबला नाही. तीस वर्षांचा हात, तो मालकाला विचारून चालत नाही. मान झाली, पावडर झाली, टॉवेल झटकला. ती बसलेलीच. दुपारी एका गिऱ्हाइकाने मुलगी झाली म्हणून पेढ्याएवढी गोडाची वडी हातावर ठेवली. नाही म्हणता येईना. मामांनी ती खाल्ली आणि पाच मिनिटांनी वर पाहिलं, तर बाकावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, अकरालाच. तिसऱ्या दिवशी मामांनी मुद्दाम सकाळी पाव खाल्ला, तर ती आली नाही. चौथ्या दिवशी कॉफीही घेतली नाही, तर ती साडेनऊलाच हजर. माणूस अडाणी असला तरी एवढा हिशेब त्याला जमतो. पोट भरलं की ती जाते, रिकामं राहिलं की येते.

त्या दिवसापासून मामांचं उपाशी राहणं बदललं. आधी त्यांच्याकडून खाणं होत नव्हतं. आता ते न खाण्याची काळजी घ्यायला लागले. जीव जाऊ नये आणि ती जाऊ नये, ह्यांच्या मधोमध पाय ठेवून चालायचं होतं. अर्धं केळं चालायचं. पूर्ण केळं खाल्लं की ती दाराकडे सरकायची आणि धूसर व्हायची. घोटभर दूध चालायचं. पावाने ती लगेच जायची.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी काट्यावर घेतलं, तर सात किलो कमी. मामांना वाटलं बाई खूश होतील. बाईंनी वही उघडली, काट्याकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं.

"काका, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. वही नाहीतर काटा. आणि काटा दर वर्षी तपासून घेतात."

"दुकानात दगदग फार होते."

"चक्कर येते?"

"नाही."

"केस गळतात?"

"दुकानात बघितलंत तर सगळीकडे केसच केस."

बाई हसल्या नाहीत. "हात पुढे करा," म्हणाल्या. मामांनी हात पुढे केले. बोटं किंचित थरथरत होती. बाईंनी ती आपल्या हातात धरली, जरा वेळ धरूनच ठेवली. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"दोघं असतो," मामा म्हणाले. आपण काय बोललो ते रस्त्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

पुढचे पंधरा दिवस ती जवळ येत गेली. आधी बाकावर, मग बाकासमोर उभी, मग मधल्या मोकळ्या जागेत. ती बोलायची नाही. हसायची नाही की रागवायची नाही. नुसती हातांकडे बघायची. दुकानात रेडिओ चालू असायचा, मेहुण्याची टकळी चालू असायची, गिऱ्हाइकं एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये ती उभी. मामांना वाटायचं, अजून थोडं कमी खाल्लं तर ती खुर्चीपर्यंत येईल. मग तिचा वास येईल. साबण आणि कांदा ह्यांचा मिळून एक वास तिच्या बोटांना होता, तो चार महिन्यांत घरातून पार गेला होता. उशीला नाही, स्वेटरला नाही, कुठेच उरला नव्हता.

ज्या दिवशी ती खुर्चीमागे आली, त्या दिवशी खुर्चीत मास्तर बसले होते.

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता. डोक्यावर मोजके केस, पण त्यांची शिस्त अशी की प्रत्येक केसाला हजेरी. भांग उजवीकडे, सरळ रेघेत. मामा तीस वर्षं तो भांग पाडत आले होते, झोपेतसुद्धा पाडला असता. त्या दिवशी त्यांनी कापायचं काम संपवलं, पाणी मारलं, कंगवा घेतला आणि आरशात बघत भांग पाडला. आरशात ती त्यांच्या इतकी जवळ उभी होती की मागे हात केला असता तर लागला असता. मामा तिच्याकडे बघत राहिले आणि हात आपला चालत राहिला.

"हे काय हो," मास्तर म्हणाले.

"काय झालं?"

"भांग डावीकडे पाडलात. मी काय नाटकात काम करणार आहे?"

मेहुणा मोठ्याने हसला. "मास्तर, नवीन फॅशन आहे. दहा वर्षांनी लहान दिसताय."

"म्हणजे सत्तरचा. काय उपयोग?"

मामा हसले नाहीत. तीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. त्यांनी "चुकलं" म्हणून केस विस्कटले, पुन्हा विंचरले आणि उजवीकडे भांग पाडला. मग बरोबर आहे का बघायला आरशात पाहिलं. मास्तरांचा भांग आरशात उजव्या हाताला होता. मागे ती उभी होती. तिचा भांग आरशात डाव्या हाताला होता.

मामा पाहत राहिले.

तिचाही भांग उजवाच. लहानपणापासून. डाव्या बाजूला भोवरा होता, तिकडे केस बसायचे नाहीत. आता मास्तर आणि ती, दोघांचे भांग उजवे. दोघांची तोंडं आरशाकडे. मग आरशात दोघांचे भांग एकाच बाजूला दिसायला हवेत. आरशाची लबाडी न्हाव्याला कुणी शिकवावी लागत नाही. त्याचं पोट त्यावर चालतं. मास्तरांचा भांग बरोबर जागी होता. तिचा नव्हता.

तिचा भांग जिथे दिसत होता, तिथे तो फक्त समोरासमोर बसल्यावर दिसायचा. आणि मामांनी तिला तसंच पाहिलेलं होतं. दर दीड महिन्याने रविवारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ते तिचे केस कापायचे. पुढचे केस सारखे करायला समोर वाकायचे. ती डोळे मिटून घ्यायची आणि तरी बोलत राहायची, केस तोंडात जायचे, थुंकायची, पुन्हा बोलायची. दुकानात ती कधी येऊन बसली नव्हती. बायकामाणसांनी तिथे काय बसायचं, असं तिचं मत होतं. आरशातली ती मामांनी कधी पाहिलीच नव्हती. म्हणून ती आरशात कशी दिसली असती, ते त्यांच्या डोक्याला माहीत नव्हतं. डोक्याने जे माहीत होतं तेच उचलून आरशात ठेवलं होतं.

"मामा, पाय आखडले की माझे," मास्तर म्हणाले.

आता एखाद्याला वाटेल की एवढं कळल्यावर माणूस घरी जाऊन पोटभर जेवला असेल. तसं झालं नाही. मामा त्या रात्रीही उपाशी झोपले. खोटी का होईना, आहे ना. दुसरी कुठे मिळणार होती?

मेहुणा मात्र हसून विसरणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल ओढून मामांसमोर बसला.

"भाऊजी, आता सांगा."

"काय सांगू?"

"मास्तरांचा भांग चुकतो म्हणजे उद्या कुणाचा कान जाईल. जेवत नाही तुम्ही. मला काय डोळे नाहीत? पँटला आतून पिना लावता, दिसत नाही मला?"

मेहुणा उठेना. शेवटी मामांनी सांगितलं. खाली मान घालून, दुसऱ्याचं काही चोरलं असावं तसं. ती येते. पोट रिकामं असलं की येते. खाल्लं की जाते. भांगाचं तेवढं त्यांनी सांगितलं नाही. ते आपल्याशीच ठेवलं.

त्यांना वाटलं मेहुणा हसेल, नाहीतर शिव्या घालेल. मेहुण्याने विचारलं, "काय घातलंय ताईने?"

"राखाडी स्वेटर."

"कोपरावर रफू केलेला?"

"हो."

"तो मी दिला होता. पहिल्या पगारातून." मेहुणा आरशाकडे बघत होता. "आत्ता आहे?"

"आहे."

"कुठे?"

मामांनी बोट दाखवलं. मेहुण्याने तिकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. मग उठून शटर वर केलं.

त्यानंतर दोन दिवस दुकान फार शांत होतं. मामांना ते बरंच वाटलं. टकळी बंद म्हणजे आपल्याला निवांत बघता येतं, एवढंच त्यांच्या मनात आलं. मेहुणा दुपारी डबा घेऊन मागच्या मोरीकडे जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खुर्चीत औषधाच्या दुकानातला नोकर बसला होता. अर्धं डोकं कापून झालं होतं. मामा कात्र्या पुसत होते. त्यांच्या ध्यानात आलं की शेजारच्या कात्रीचा आवाज थांबलाय. त्यांनी पाहिलं. मेहुणा कात्री उघडी धरून नोकराच्या कानापाशी उभा होता आणि आरशात बघत होता. कपाळावर घामाचे थेंब. ओठ पांढरे. आणि नजर कुठे लागलीय, तर मागच्या बाकावर.

ती नजर मामांनी ओळखली. महिनाभर ती त्यांच्याच डोळ्यांत होती.

त्यांनी आधी कात्री काढून घेतली. मेहुणा विरोध न करता खाली बसला, बसला म्हणजे गुडघ्यांतून घडी होऊन कोसळलाच. मामांनी त्याला भिंतीला टेकवलं, कपात साखर ढवळली आणि तोंडाला लावली. दुखऱ्या गुडघ्यावर ते कसे खाली बसले ते त्यांनाही कळलं नाही.

"गोळी घेतलीस सकाळी?"

"घेतली."

"आणि जेवलास कधी?"

मेहुण्याने कप तोंडापासून दूर केला.

"गोळी घेऊन उपाशी राहिलास? डोकं फिरलंय तुझं? मरायचंय?"

"तीन दिवस झाले," मेहुणा म्हणाला. साखरेच्या पाण्याने त्याचा आवाज थोडा परत आला होता. "डबा मोरीमागच्या कुत्रीला घालतो. तीन दिवस, भाऊजी. मला नाही दिसली. सख्खा भाऊ मी. कडेवर वाढवलंय तिने मला. तुमच्याकडे येते, माझ्याकडे का नाही येत?"

खुर्चीतला नोकर अंगावरच्या कापडातून मान बाहेर काढून बघत होता. "मामा, मी काही आणू का दुकानातून?"

"तू बस गप्प."

"बसतो. पण अर्ध्या डोक्याने किती वेळ बसू, तेवढं सांगा."

मामांनी वर पाहिलं. आरशात ती होती, अगदी मागे, खांद्याजवळ. तिचा भाऊ जमिनीवर घामाघूम होऊन पडला होता आणि ती मामांच्या हातांकडे बघत होती. ज्या पोराला तिने कडेवर वाढवलं, त्याच्याकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ती खरी असती तर आतापर्यंत दोघांची हजामत बिनपाण्याने झाली असती.

"ती येत नाही," मामा म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात येते."

"नाही येत. मीच डोक्यातून उभी करतो तिला. तिचा भांग उलटा आहे." आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं. मास्तरांचा भांग, तिचा भांग, आरसा, स्वयंपाकघरातलं स्टूल. सांगताना जीभ जड होत होती. एकट्याने माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या कानात घालणं वेगळं. एकट्याला माहीत असतं तोवर ते परत झाकता येतं.

मेहुणा ऐकत होता. तोही वीस वर्षं आरशासमोर उभा राहिलेला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याने मान हलवली.

"मी जेवावं म्हणून बनवताय."

"नाही."

"मग तुम्ही जेवा."

"आँ?"

"ती खरी नाही ना? मग गेली तर तुमचं काय जातंय? जेवा माझ्यासमोर. माझा डबा आहे. खा."

नोकर खुर्चीतून उठला, कापड तसंच अंगावर, जाऊन कोपऱ्यातला डबा घेऊन आला आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. डब्यात तीन उकडलेली अंडी होती, भाजी होती, पावाचे जाड तुकडे होते. मेहुण्याच्या बायकोने सकाळी उठून केलेलं. आधीचे दोन दिवस कुत्रीने खाल्लेलं.

मामांनी अंडं सोललं. कवच नखांखाली अडकत होतं. पहिला घास तोंडात फिरत राहिला, गिळायचं कसं ते घसा विसरला होता. गिळला. दुसरा घेतला.

"आहे?" मेहुण्याने विचारलं.

मामांनी वर पाहिलं. "आहे."

"आता पाव खा. कोरडा नको, भाजीला लावून."

पावाचा घास तोंडात असताना मामांनी पाहिलं, तर ती खांद्याजवळ नव्हती, मधल्या मोकळ्या जागेत होती. दुसरं अंडं सोलायला त्यांनी मान खाली घातली. वर केली तेव्हा ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, पहिल्या दिवशी बसली होती तशी. मामांचा हात थांबला.

"भाऊजी."

"हो."

"तुम्ही थांबलात तर मीही जेवणार नाही."

मामांनी खाल्लं. आता ते तिच्याकडे बघतच खात होते, डोळे न मिटता. स्वेटरचा राखाडी रंग भिंतीच्या रंगात मिसळत गेला. पिशवी गेली. हात शेवटपर्यंत दिसत होते, का ते देव जाणे. त्यांनी शेवटचा तुकडा उचलला तेव्हा ते हात होते, आणि चावून होईपर्यंत तिथे बाकाची लाकडी फळी होती.

"आता?"

"नाही," मामा म्हणाले.

मेहुण्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ताई गेली त्या दिवशी तो रडला नव्हता, सगळी धावपळ त्यानेच केली होती. आता तो भिंतीला टेकून, गळ्यातून आवाज काढत रडला. मामांनी त्याला रडू दिलं. मग तिसरं अंडं सोलून त्याच्या हातात दिलं आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिले. मग भिंत धरून, दोन प्रयत्नांत, उठले आणि नोकराचं उरलेलं अर्धं डोकं कापलं. सावकाश कापलं. पैसे घेतले नाहीत.

बाईंसमोर त्यांनी वहीची खोटी पानं फाडली नाहीत, तशीच दाखवली. हे खोटं आहे, म्हणाले. बाई म्हणाल्या, मला माहीत होतं, पण जेवण छान लिहिलंय. पुढच्या महिन्यात वजन फक्त दीड किलोने उतरलं. बाईंनी तो आकडा बघून पहिल्यांदा शाबासकी दिली. मामांना त्यात शाबासकीसारखं काही दिसलं नाही. सोळाशे म्हणजे किती तरी घास असतात, आणि त्यांतला प्रत्येक घास माणसाला स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत न्यावा लागतो.

आता सकाळी दोघंही दुकानात नाश्ता करतात. अंडी मेहुणा उकडून आणतो. शटर उघडायच्या आधी, पाठ आरशाकडे करून बसतात. ही जागा मेहुण्याने ठरवली, मामांनी काही विचारलं नाही.

पण रोज सारखं नसतं. एखाद्या सकाळी मामा अंडं हातात घेऊन बसून राहतात. कात्र्यांना तेल घालायचंय म्हणतात, टॉवेल मोजायचेत म्हणतात. आधी हे करू, मग खाऊ. उठून आरशासमोर जातात आणि काच पुसायला लागतात. पुसलेलीच काच पुन्हा पुसतात. मागचा बाक आरशात रिकामा असतो, आणि ते त्याच्याकडे बघत राहतात. अजून अर्धा तास पोट असंच राहिलं तर काय होईल, ते त्यांना पक्कं माहीत असतं.

मेहुणा मागे वळून बघत नाही. स्वतःच्या हातातला घासही तोंडात घालत नाही, तसाच धरून ठेवतो.

"गार होतंय, भाऊजी," म्हणतो.

मामा फडकं खाली ठेवतात. कधी लगेच, कधी जरा वेळाने.